सरूची दोन कार्डे

रविवार, १ जानेवारी १९३९. लोणावळे.

पुण्याहून वर्गाचे सामान आले. पाट्या एक डझन, दर अडीच आणे, १ रु. १४ आ. पेन्सिलींची पेटी ५ आ. मुळाक्षरांचा तक्ता ६ आ. पार्सलाचे भाडे ३ आ. एकूण २ रु. १२ आ. हे स्टेशनावर माल-कचेरीत कारकून असूनही भाड्यातली एक पै सुटली नाही. सुटावी असे मी म्हटलेही नाही.

दोन पाट्यांचे कोपरे फुटलेले आहेत. दुकानदाराला लिहायचे म्हणजे कार्डाचा पाऊण आणा. फुटक्या कोपऱ्याने अक्षर वाकडे येत नाही, म्हणून गप्प बसले.

कार्तिकापासून आमच्या पडवीत दुपारी दोन ते चार बायकांचा वर्ग घेते. सध्या जिकडे तिकडे साक्षरतेची हवा आहे. पटावर अकरा नावे. येत्या २५ फेब्रुवारीस विद्याखात्याचे साहेब तपासणीला यायचे आहेत. दहा बायकांनी चार ओळी वाचून आपली सही केली, तर वर्गास कायम मान्यता मिळेल आणि मी त्याची शिक्षिका म्हणून कागदोपत्री लागेन. मॅट्रिकचा दाखला बारा वर्षे ट्रंकेच्या तळाशी आहे. देवाने मनात आणले तर त्याला एकदा ऊन दिसेल.

अकरांत खरी हुशार एकच, जवळच्या औंढे गावची सरू. सकाळी आमच्याकडे दूध घालते, बाजारात गोवऱ्या विकते, दुपारी वर्गाला बसून उन्हे कलता घरी परतते. तिचा नवरा गेणू मुंबईला कचेरीतल्या लोकांचे जेवणाचे डबे पोचवतो. सही तर सरू आत्ताच करते. वाचन अजून सुट्या अक्षरांपुढे गेलेले नाही, पण दोन महिन्यांत होईल.

बुधवार, ४ जानेवारी

आज पाचच जणी. नंदाबाईला गवत कापायचे होते, धोंडाबाईला पाहुणे. बाकीच्यांचे खरे कारण निराळेच. औंढ्याची रतनबाई मुंबईहून आली आहे. तिचा नवरा गिरणीत असतो. तिला घेऊन सगळ्या पारावर बसल्या होत्या, नळाला पाणी कसे येते आणि ट्राम कशी चालते ते ऐकत.

शेवटी तीन वाजता ती सगळी वरात पडवीत आली. रतनबाई तक्त्याकडे बघून म्हणाली, "हे समदं शिकायचं? मग भाकरी कवा थापायची?"

मी म्हटले, "मुंबईला राहून तुम्हाला सही येत नाही, याचं वाईट नाही वाटत?"

"मुंबैत शिकावंच लागतं, बाई. न शिकंल ते गाडीखाली जातं."

बायका खो खो हसल्या. मी 'क' ला काना गिरवायला सांगितला. कोणी गिरवला नाही.

रात्री जेवताना ह्यांना सांगितले. हे म्हणाले, "बरोबर बोलली ती." माझ्या श्रमाचे चीज घरात तरी व्हावे, तर तेही नाही.

सोमवार, ९ जानेवारी. संकष्टी.

सकाळी दूध मापून झाल्यावर सरू उठेना. पदराच्या गाठीतून तीन पैसे काढून उंबऱ्यावर ठेवले.

"बाई, येक कार्ड लिवून द्या. घरच्यांना."

घरच्यांना म्हणजे गेणूला. मी दौत-टाक घेऊन बसले. म्हटले, सांग.

"लिवा, का मला घेऊन जा. आत्याबाय म्हणत्यात चार वर्सं झाली, कूस उजवंना. नवलाख उंबऱ्याची पोरगी बघून आल्यात तुमच्यासाटी. पाडव्याच्या आत मला तिकडं न्हेलं न्हाई तर दुसरी दारात उबी ऱ्हाईल." आत्याबाय म्हणजे तिची सासू, आणि नवलाख उंबरे हे पलीकडचे गाव. मग म्हणाली, "आनि हे बी लिवा. वर्सातनं शिमग्याला दोन दिस येता न् जाता, कूस कशानं उजवंल."

"अगं, हे कसं लिहायचं?"

"बोलले तसंच."

तिला वाटते कागद म्हणजे पाणवठा. कार्ड उघडे जाते. आमच्या पोस्टमनपासून मुंबईच्या खोलीतल्या वीस पुरुषांपर्यंत सगळे ते वाचणार. त्यात असले काही लिहिले तर तिचीच शोभा. शिवाय पत्रात आधी क्षेमकुशल यावे, मागणी यावी ती आडवळणाने. आम्हाला शाळेत तसेच शिकवले आहे. आणि कार्डात जागा ती किती.

मी लिहिले: सा. न. वि. वि. इकडील सर्व क्षेम. सासूबाईंची प्रकृती बरी आहे. मी लिहावाचायला शिकत आहे. सवड होईल तेव्हा येऊन जावे. माझी काळजी नसावी.

"वाचा की," सरू म्हणाली. मी नमस्कारापर्यंत वाचले आणि म्हटले, पुढे तुझंच आहे, नीटनेटकं करून.

खोटे एक अक्षर लिहिलेले नाही. गाळले आहे. आणि खरे सांगायचे तर कार्ड वाचून त्याने तिला लगेच नेली, तर तपासणीस मी कोणाला उभी करू? तपासणी झाली की मीच सविस्तर लिहीन. चंद्रोदयापर्यंत उपास होता, त्यात डोके चढले.

शनिवार, १४ जानेवारी. संक्रांत.

तीळ पावशेर, गूळ अर्धा शेर. वर्गाच्या बायकांना हलवा न देता तिळाच्या वड्या दिल्या, स्वस्त पडतात. अकराच्या अकरा आल्या. वड्या संपल्यावर सहा उरल्या.

सोमवार, २३ जानेवारी

गेणूचे कार्ड आमच्या पत्त्यावर आले. अक्षर कोणा खोलीतल्या सोबत्याचे, कोंबडीच्या पायांचे. शुद्धलेखनाचा आनंदच आहे. मजकूर असा: तुजे कारड पोचले. तू सुकी हाय वाचून समद्यांना बरे वाटले. आईचा सांगावा हाय का नवलाक उंबऱ्याचे ठरवू का. मी काय बोललो नाय. तुजे मन काय ते कळीव.

सरूला "बरे वाटले" इथपर्यंत वाचून दाखवले. पुढले वाक्य आज तिच्या कानी घातले असते तर तिने पाटी फोडली असती, आणि मग कसली तपासणी. लग्न काही महिन्याभरात लागत नाही.

"येवढंच?" सरूने विचारले.

"एवढंच."

"घेऊन जातो म्हणून न्हाई?"

"नाही." हे तर खरेच होते.

ती बराच वेळ कार्डाकडे बघत बसली. तिला त्यातला 'क' ओळखू आला. बोट ठेवून म्हणाली, "ह्यो क हाय ना?" शिकवल्याचे समाधान वाटले. मग म्हणाली, "दुसरं लिवा. माजं पयलं नीट कळलं न्हाई वाटतं. पाडव्याच्या आत या, येवढंच लिवा."

मी लिहिले: आपले कार्ड पावले. आनंद झाला. पाडव्यास येणे जमल्यास यावे, कामे टाकून घाई नसावी. आपण व सासूबाई मिळून जे ठरवाल ते मला मान्य आहे.

शेवटचे वाक्य मुद्दाम घातले. सून असे लिहिते म्हटल्यावर सासूचे मनही नरम पडेल. माझ्या स्वतःच्या पत्रांत मी नेहमी घालते.

गुरुवार, २ फेब्रुवारी

वर्गात आठ जणी. नंदाबाई अजून 'भ' आणि 'म' मध्ये गोंधळते. मी रागावले तर म्हणते, "दोनी येकाच रेघंला लटकत्यात, काय फरक पडतो."

दुपारी ट्रंक काढली तेव्हा दाखल्याबरोबर ते जुने पत्रही हाती आले. गिरगावातल्या एका शाळेने मला जागा देऊ केली होती, लग्नानंतर दोन वर्षांनी. मामंजींनी माझ्या नावाने परस्पर नकार कळवला. मला चार महिन्यांनी कळले, तेही त्या शाळेच्या दुसऱ्या पत्रावरून. त्यांच्या मनात वाईट नव्हते. मुंबईला बाईमाणसाने एकटीने राहणे त्यांना बरे दिसले नसते. तरी कधी कधी वाटते, निदान विचारायचे तरी. असो. पुन्हा घडी करून ठेवले.

गुरुवार, ९ फेब्रुवारी

दूध आले नाही. ह्यांना चहाशिवाय कामावर जावे लागले.

नवाच्या सुमारास सरूची सासू झुंबरबाई स्वतःच आली. कमरेवर हात ठेवून अंगणातच उभी राहिली.

"कुटं हाय आमची सून?"

"मला काय ठाऊक? दुधाची वाट मीच बघतेय."

"रतनबाईसंगं काल सांजच्या गाडीनं म्हमईला गेली. जोडवी इकली म्हणत्यात तिकिटापायी. हे समदं तुमच्या पाटीचं काम हाय, बाई. बाईमाणसाला अक्षर दावायचं न्हाई, त्ये दाराची कडी काढून देतं."

मी म्हटले, "मावशी, मी तिला जायला सांगितलं नाही. मी तर तिला थांबवत होते."

"व्हय, कार्डावर लिवलंवतं की तिनं, तुमी ठरवाल ते मान्य. ल्योकानं सांगावा धाडला मला. मग म्या नवलाख उंबऱ्याला सबूद दिला. आन आता ही पळाली. माजी काय अब्रू ऱ्हायली?"

इतके बोलून निघून गेली. आमच्या कुंपणावरचे पडवळ जाता जाता तोडून नेले.

संताप झाला आहे. मुंबई, मुंबई. इथे शिकायला बसवावे तर पाटी जड होते, आणि तिथे गटारात उभे राहायला पायातली चांदीची जोडवी विकून जायचे. मला न सांगता. चार महिने शिकवले त्याचे हे. पंधरा दिवसांवर तपासणी.

शनिवार, २५ फेब्रुवारी

नऊ.

साहेब भले गृहस्थ होते. म्हणाले, "एक जरी आणखी असती तर मी लिहिलं असतं." धोंडाबाई ऐन वेळी घाबरून तक्त्यामागे लपली. सरूची पाटी तशीच कोपऱ्यात ठेवलेली होती.

आज जेवले नाही. हे म्हणाले, पुढल्या वर्षी पुन्हा येतील. पुढल्या वर्षी.

शुक्रवार, २४ मार्च

पाडवा झाला. वर्गाला तीन जणी येतात, त्याही गार सावलीसाठी. दूध आता गवळी घालतो, पाणी जास्त, पैसेही जास्त. तुळशीला रोज अकरा प्रदक्षिणा चालू आहेत, मन कुठे लागत नाही.

गुरुवार, ६ एप्रिल

औंढ्याची जत्रा आहे. दुपारी सरू आली.

आधी ओळखली नाही. दोन महिन्यांत वाळली आहे. मनगटांवर भाजल्याचे डाग, आणि मधून मधून खोकते. नेहमी उंबऱ्याबाहेर टेकायची, ती आज पडवीत माझ्यासमोर मांडी घालून बसली. मला ते खटकले.

मी म्हटले, "काय, शिकून आलीस मुंबई?"

"शिकले की थोडं." टोमणा तिला लागला की नाही कळले नाही. "परळला खोलीत वीस गडी हायेत, त्यांच्या भाकरी म्या न् आणिक येक म्हातारी थापतो. पाटं चारला. घड्याळ कळतंया आता. ट्रामचा लंबर कळतो. डब्यांच्या झाकणावर रंगाच्या खुणा असत्यात, कंचा डबा कुटं उतरायचा त्या बी वळखते. घरचे म्हणाले तू आमच्या टोळीतल्या नथूपरीस बरी."

"आणि अक्षरं? ती विसरलीस ना?"

"न्हाई विसरले. पर तिकडं अक्षरं कमी लागत्यात, बाई. इचारणं लय लागतंया. नळावर उबं ऱ्हायलं तर माझ्याम्होरं कोण, ते आदी इचारायचं. न्हाई इचारलं तर कुणीबी घुसतं. पयले आठ दिस म्या पाण्याबिगर परत यायचे. मग रतनबाईनं शिकिवलं."

मग तिने पदराची गाठ सोडून दोन कार्डे काढली आणि माझ्यापुढे ठेवली. माझेच अक्षर.

"म्या तिकडं गेले त्या दिशी घरच्यांनी हीच माझ्याम्होरं टाकली. म्हणाले, तूच लिवलंस ना, मान्य हाय म्हणून? म्या म्हणले, वाचा. खोलीतल्या सोपाननं वाचलं. म्या म्हणले, सोपान खोटं वाचतोया. मग रतनबाईनं नाक्यावरच्या म्हाताऱ्याकडं न्हेलं, त्यो पैसं घिऊन कागद लिवतो. त्यानं बी तेच वाचलं. मग दुकानदाराकडं गेलो. तिघांनी सारकंच वाचलं. तवा म्या म्हणले, वाचणारे खोटे न्हाईत."

मी कार्डे उलटी करून ठेवली. मग म्हटले, "सरू, मी तुझ्या भल्याचंच लिहिलं."

"व्हय, बाई. भल्याचंच लिवलंसा. पर माजं न्हाई लिवलं."

आवाजात राग नव्हता.

तिचे म्हणणे असे. गेणूला दुसरे लग्न मनापासून नको आहे, पण आईने त्या कार्डाच्या जोरावर शब्द दिलेला आहे. फुडल्या अयतवारी नव्हे, त्याच्या फुडल्या, म्हणजे १६ तारखेस औंढ्याला बैठक आहे. नवलाख उंबऱ्याचे लोक येणार, तिथी ठरणार. गेणू म्हणतो, तोंडाचं ऐकू का कागदाचं? लिवलेलं कसं फिरवायचं? ज्या बाईनं लिहिलं तिनंच लिहून दिलं की ते माझ्या बायकोचं बोलणं नव्हतं, तर मी येऊन बैठकीत उभा राहीन. नाही तर आई करील ते.

"तेवडं लिवून द्या," सरू म्हणाली.

मी म्हटले, बघते. ती गेली. पाणी विचारायचे राहून गेले.

शुक्रवार, ७ एप्रिल

सबंध दिवस चिडचिड. माझ्या हातचे कार्ड परळच्या नाक्यावर तिघा परक्या पुरुषांनी वाचले. तिचे गुपित राखावे म्हणून मी जे गाळले, त्यापायी माझीच अब्रू वेशीवर. आणि आता मी लेखी कबूल करायचे की बाई मॅट्रिक झाली आहे पण तिला सांगितलेले उतरवता येत नाही. शाळेतल्या पोरीला करतात तशी शिक्षा. बैठकीत ते मोठ्याने वाचतील. औंढ्याचे, नवलाख उंबऱ्याचे, सगळे ऐकतील. मग कोणती बाई माझ्या वर्गाला येणार?

संध्याकाळी ह्यांना कार्डे दाखवली. ह्यांनी दोन्ही नीट वाचली, गेणूचे उत्तरही मागून घेतले. मग चष्मा पुसून ठेवला.

म्हणाले, "मालाची पावती करताना धनी सांगतो तेच लिहायचं असतं. पोत्यात तांदूळ आहे म्हणाला तर तांदूळ. आपण मध्ये 'उत्तम तांदूळ' लिहिलं तरी कारकून घरी जातो."

"मी काय कारकून आहे?"

"नाहीस. कारकुनाला निदान पगार तरी असतो."

थट्टा करतात. मी उठले. देवापुढे बसले, पण जपाची माळ हातातच राहिली. कुठपर्यंत मोजली ते दोनदा विसरले.

रविवार, ९ एप्रिल

लिहिले. सकाळपासून तीन वेळा. शेवटचा मसुदा असा होता: पूर्वीच्या दोन पत्रांत काही मजकूर राहून गेल्यामुळे गैरसमज झाला आहे, तरी तो दूर व्हावा.

दुपारी सरू आली. मी वाचून दाखवू लागले तर तिने हात आडवा धरला.

"साहेब वाचतील का?" म्हणजे हे.

"का? माझ्यावर विश्वास नाही?"

"हाय की. इसवास नसता तर पुन्ना तुमच्याकडं कशाला आले असते? पर मुंबैत समदेच तसं करत्यात. येकाकडनं लिवायचं, दुसऱ्याकडनं वाचून घ्यायचं, मगच पेटीत टाकायचं. लिवणाऱ्याला राग येत न्हाई. त्यालाबी बरंच असतंया."

ह्यांनी वाचले. माझ्या देखत, माझ्याच पडवीत. कानशिले तापली होती. सरू डोळे मिटून ऐकत होती.

"राहून गेला म्हंजी?" तिने विचारले. "कुटं ऱ्हायला?"

"म्हणजे लिहिण्यात आला नाही."

"कुणाच्या?"

मी टाक दौतीत बुडवला. हे अंगणाकडे बघू लागले.

सरू म्हणाली, "आमच्या खोलीत येक दिस डबा हरवला. नथू म्हणाला, डबा ऱ्हायला. मुकादम म्हणाला, कुणाच्या डोक्यावरनं ऱ्हायला ते सांग. दोन येळा इचारलं. तवा नथू म्हणाला, माझ्या. दोन दिस बोलणी खाल्ली त्यानं. पर नाव सांगितलं नसतं तर वीसच्या वीस अडीकले असते. हितं म्या येकटीच अडीकते, बाई. ह्ये असलं पत्र आत्याबाय बैठकीत उडवून लावंल. म्हणंल, कुणाचा मजकूर, काय ऱ्हायलं, कुणाला ठावं."

तिने हे अगदी शांतपणे सांगितले. धान्याला कीड कशी लागते ते मला एकदा समजावून दिले होते, तसे.

मी म्हटले, "सगळं लिहायचं? तू सांगितलेलं शिमग्याचंसुद्धा?"

"ते तर पयलं लिवा."

तिच्या मनगटावरचे डाग बघवत नव्हते. मी घरातले तूप आणून लावायला दिले. तिने थोडेच घेतले.

सोमवार, १० एप्रिल

पत्र आज पाकिटातून टाकले. एक आणा. कार्डात हे सगळे मावले नसते.

मन अजून मानत नाही. चार महिने मी तिला शिकवत होते, आणि काल तिने मला पत्र लिहायला शिकवले, तेही डब्याच्या गोष्टीवरून. मुंबईने तिचा खोकला वाढवला, जोडवी घेतली, आणि हे दिले. यात तिला महाग पडले की स्वस्त, माझ्या वहीत मांडता येत नाही. माझ्यापुरते सांगायचे तर, असे पत्र मी आजवर कधी लिहिले नव्हते, आणि लिहून झाल्यावर मला रडू आले ते रागाचे होते की कशाचे, तेही कळत नाही.

ह्यांनी वाचले, सरूने दोनदा ऐकले. मग तिने खाली सही केली. 'रू' ऱ्हस्व काढला. मी दुरुस्त केला नाही. नक्कल इथे ठेवते.

लोणावळे, ता. १० एप्रिल १९३९.

गेणू यांस,

जानेवारीत तुम्हाला सरुबाईची म्हणून जी दोन कार्डे आली ती मी लिहिली. त्यांतले मागणे तिचे नव्हते, माझे होते. पहिल्या कार्डासाठी तिने मला सांगितले ते हे: "मला घेऊन जा. आत्याबाय म्हणत्यात चार वर्सं झाली, कूस उजवंना. नवलाख उंबऱ्याची पोरगी बघून आल्यात तुमच्यासाटी. पाडव्याच्या आत मला तिकडं न्हेलं न्हाई तर दुसरी दारात उबी ऱ्हाईल. वर्सातनं शिमग्याला दोन दिस येता न् जाता, कूस कशानं उजवंल." यातले एकही वाक्य मी लिहिले नाही. ते उघड्या कार्डावर शोभत नाही असे मला वाटले. तपासणी होईपर्यंत ती इथे राहावी असेही मला वाटत होते, आणि ते खरे कारण होते.

तुम्ही उत्तरात, तुझे मन काय ते कळव, असे विचारले होते. ते मी तिला वाचून दाखवले नाही. दुसऱ्या कार्डात, आपण व सासूबाई ठरवाल ते मला मान्य आहे, असे जे वाक्य आहे, ते माझ्या मनचे आहे. सरुबाई तसे कधी बोलली नाही. तिने फक्त, पाडव्याच्या आत या, एवढेच सांगितले होते.

हे पत्र तुमच्या खोलीत एकाने वाचून दाखवल्यावर दुसऱ्याकडूनही वाचून घ्यावे, आणि बैठकीत मोठ्याने वाचायचे झाले तर सबंध वाचावे, काही गाळू नये. मला बोलावले तर मी स्वतः औंढ्यास येऊन हेच सांगेन.

बैठक येत्या रविवारी, १६ तारखेस आहे. तुम्ही शनिवारच्या गाडीने येता की नाही, ते उलट टपाली कळवावे. सरुबाई रोज टपालाच्या वेळेस इथे येऊन बसेल.